जड बाजू उजवीकडे

१७ जानेवारी, शनिवार

काल लिहायचं होतं. खरं तर परवाच. डायरी उशाशी घेतली तर पेन सापडेना. पेन शोधताना जुना चार्जर सापडला, तो चालतो का बघत बसलो. चालत नाही. मग झोपलो. असं करत टाळलं. आज दत्ता, माझा खोलीतला पार्टनर, समोर भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि टाळायला काही उरलं नाही, म्हणून लिहितो.

गुरुवारी सुट्टी. सकाळी गच्चीवर आम्ही दोघं. आमचा वजन उचलायचा बार म्हणजे खालच्या हसनचाचांच्या गॅरेजमधला गंजका शाफ्ट. एका टोकाला ट्रकचा ब्रेक ड्रम, दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी टेम्पोचं फ्लायव्हील. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, ड्रमची बाजू जड. सुरुवातीला आम्ही दर सेटला फिरून उभे राहायचो, म्हणजे जड बाजू एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग मीच म्हणालो, "दत्ता, तुला लाइनवर उजवीकडनंच उचलायची सवय आहे. जड बाजू उजवीकडेच राहू दे. तुझा जोर तिकडनंच येतो."

हे मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

थोड्या उचली झाल्या आणि तो मध्येच थांबला. बार खाली ठेवला. टाकला नाही, हळू ठेवला. म्हणाला, "चमक भरली राव." मी म्हणालो, "भरणारच. बॉडी बनतेय." आणि माझा सेट मारला. त्याच्या बाटलीतलं पाणी पण मीच प्यालो.

शुक्रवारी तसाच कामावर आला. आमचं काम म्हणजे उजवीकडच्या पेटीतून लोखंडी हाउसिंग, म्हणजे यंत्राचं जड कवच, उचलायचं, कंबरेतून वळायचं, डावीकडच्या मशीनवर ठेवायचं. परत वाकायचं. दत्ता दोन वर्षं हेच करतो. शुक्रवारी पेटीत वाकला तो वर आलाच नाही. तसाच अर्धा राहिला, एक हात पेटीच्या काठावर. आवाज नाही, काही नाही. मी शेजारच्या मशीनवर. मला वाटलं काहीतरी खाली पडलंय, शोधतोय.

१८ जानेवारी, रविवार

घुलेसाहेबांनी बोलावलं. लाइनचे सुपरवायझर. (यापुढे घु.सा., एवढं लांब कोण लिहीत बसणार.) चाकणच्या बाजूच्याच गावचे. माणूस वाईट नाही, तोंड सुटलेलं.

"निलेश, तू त्याच्या खोलीवर राहतो. त्याला आधीचं काय दुखणं न्हाई ना? इथंच झालं न्हवं?"

"इथंच, साहेब."

लाइनवरचा सोनवणे, बाकी पोरं, सगळे माना हलवत होते. सगळ्यांनी बघितलंच होतं. म्हणजे खोटं बोललो असं नाही. जे सगळ्यांना दिसलं तेच बोललो. गुरुवारचं फक्त दोघांना माहीत. आणि दत्ता दवाखान्यात पण गुरुवारचं बोलला नाही, मी दाराशीच उभा होतो.

दुसरी गोष्ट. शिफ्टच्या आधी भोंग्यावर गाणं लागतं आणि सगळ्यांनी रांगेत व्यायाम करायचा असतो. पुढे उभं राहून दाखवणारा मी. का, तर दंड. मागे घु.सा. म्हणाले होते, "आपल्या लाइनीत बॉडी येकट्या निलेशची हाय, त्योच दाखवंल." मला भारी वाटलेलं. मान, खांदे, कंबर, गुडघे असं सगळं ओळीने करायचं असतं. मी एकेक गाळत गेलो, म्हणजे पोरांना तंबाखू मळायला वेळ. शेवटी राहिलं काय, तर हात वर, हात खाली, टाळी. पोरं माझ्यावर खुश. एकटा दत्ता गाणं संपेपर्यंत कंबर फिरवत राहायचा आणि मी पुढून डोळे वटारायचो, की बास आता.

त्याला बॉडीचं वेड लागलं ते पण तिथेच. २६ जानेवारीला कंपनीत रस्सीखेच असते. नावं घेताना दत्ताने हात वर केला, तर घु.सा. म्हणाले, "तुला दोरी वढायला न्हाई, दोरीवर वाळत घालायला लागंल." सगळे हसले. मी सगळ्यात जोरात. त्याच संध्याकाळी खोलीवर म्हणाला, "निल्या, मला बॉडी शिकव."

शिकव म्हणाला. मला आयुष्यात कुणी शिकव म्हणालं नव्हतं. आयटीआय अर्धी सोडली, डिलिव्हरी केली, सिक्युरिटीत उभा राहिलो, भोसरीच्या जिमला जाऊन जाऊन कंटाळलो. आणि हा म्हणतो शिकव.

१९ जानेवारी

दत्ताला परत दवाखान्यात न्यायचं होतं. जिना अरुंद. हसनचाचांनी प्लास्टिकची खुर्ची वर आणली, दत्ताला तिच्यात बसवला, पुढून चाचा आणि मागून मी. चाचा निम्म्या जिन्यात थांबले, दम खात म्हणाले, "बेटा, ये तो बारात लग रही है. बस दूल्हा जरा दुबला है."

दत्ता हसला आणि हसल्यावर कळवळला. "चाचा, हसवू नका हो, पाया पडतो."

"पाया कैसे पडेगा रे, झुकता कहाँ है तू."

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड ठीक. सूज आहे, स्नायू धरलाय. गोळ्या, आराम, आणि सांगवीला एक व्यायामवाल्या मॅडम आहेत त्यांच्याकडे जा म्हणाले. खर्च आमचा लेबर ठेकेदार करतोय, कामावर झालं म्हणून.

संध्याकाळी कविता वहिनींचा फोन, माझ्या मोबाइलवर. दत्ताची बायको, गावी अहमदपूरकडे असते, सासू-सासऱ्यांजवळ. मी त्यांना फक्त दत्ताच्या मोबाइलच्या स्क्रीनवर बघितलंय, कडेवर लेक, चिमी.

"भाऊजी, हे नीट सांगत नाहीत. काय झालंय?"

"लाइनवर वाकला वहिनी. चमक भरली."

"तुम्ही होता ना जवळ?"

"होतो."

"मग बरंय. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

फोन ठेवल्यावर जेवायला बसलो. भात गार झालेला. तसाच खाल्ला, गरम करायला उठलो नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सांगवी. रिक्षाने. खड्डा आला की दत्ता माझं मनगट धरायचा. पूल ओलांडताना मला नदीत एक माणूस टायरच्या ट्यूबवर बसून काहीतरी गोळा करताना दिसला, मी तेच बघत राहिलो. दत्ता म्हणाला, "मला धर की, त्याला काय धरलास डोळ्यानं."

मॅडम आमच्याच वयाच्या असतील. भराभर बोलतात. दत्ताला उभं केलं, हात वर करायला लावले, मान, कंबर. मग कामावर काय करता ते हवेत करून दाखवा म्हणाल्या. त्याने दाखवलं. उजवीकडे वाकला, डावीकडे वळला.

"कायम याच बाजूला?"

"पेटी तिथंच असती मॅडम."

"आणि वजनं वगैरे उचलता का? जिम?"

दत्ताने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता बघत होतो. दत्ता म्हणाला, "नाही."

मग मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही या पुढे. तुम्ही व्यायाम करणारे दिसता. यांना करून दाखवा म्हणजे कळेल." जमिनीवर पेन टाकला. "उचला."

उचलला.

"गुडघे सरळ, पाठीचं धनुष्य. परत. खुब्यातून वाका."

मला खुबा कुठे असतो तेच नीट माहीत नव्हतं. मी कंबरेवर हात ठेवला, त्यांनी सांगितलं त्याच्या खाली. मग म्हणाल्या, टाचा न उचलता उकिडवे बसा. अर्ध्यापर्यंत गेलो आणि मागे पडलो, कचऱ्याच्या डब्यावर. डबा आडवा. दत्ता पलंगाला धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी. मॅडम हसल्या नाहीत. हात सरळ वर करा म्हणाल्या. माझे हात कानाला लागत नाहीत. छाती आड येते. हे मला आत्तापर्यंत चांगलं वाटत होतं.

मॅडमनी मॉपचा दांडा घेतला आणि माझ्या पाठीवर उभा धरला. डोक्याला लागला पाहिजे, पाठीला लागला पाहिजे, माकडहाडाला लागला पाहिजे. आता वाका. तीनपैकी एक जरी सुटलं तरी समजायचं, पाठीतून वाकलात. माझं लगेच सुटलं. दत्ताचं, दुखत असून, थोडं उशिरा.

"वजन नंतर," त्या दत्ताला सांगत होत्या, पण मला वाटलं मलाच. "आधी वाकता, बसता, वळता यायला पाहिजे. ते नीट नसताना वजन घेतलं, की ते जिथे चूक आहे तिथेच जाऊन बसतं."

येताना रिक्षात विचारलं, "नाही का म्हणालास?"

"तुझं नाव आलं असतं."

बास एवढंच. मग खड्डा आला.

२४ जानेवारी

दत्ता काल गावी गेला. मेव्हणा गाडी घेऊन आला होता. मागच्या सीटवर आडवा. पत्र्याची पेटी इथेच ठेवून गेला, "येणारच हाय की, कशाला वझं."

खोली मोठी वाटतेय. आज डोसा खायचा म्हणून निघालो आणि मिलिटरीच्या भिंतीकडेने चालत कुठल्या कुठे गेलो. भरतीची पोरं पळत होती. एक जण पळताना डावा पाय बाहेर टाकत होता. आता मला हेच दिसायला लागलंय.

डोसा राहिलाच.

आल्यावर मोबाइलवर तो जुना व्हिडिओ काढला, ज्यावरून मी दत्ताला शिकवलं. त्यातला माणूस सुरुवातीला रिकामी काठी पाठीला लावून नुसता वाकून दाखवतो. बराच वेळ. मी तेवढा भाग कायम पुढे ढकलायचो. आज पहिल्यांदा बघितला. तो म्हणतो, हे नीट जमल्याशिवाय पुढचा भाग बघू नका.

दत्ता म्हणाला पण होता तेव्हा, "हे काय सांगतोय बघू की." मी म्हणालो, "ते म्हाताऱ्यांसाठी असतं."

२६ जानेवारी

झेंडावंदन, जिलेबी, रस्सीखेच.

आमच्या समोर पेंट शॉप, म्हणजे रंगकामवाले. आमच्यापेक्षा बारीक पोरं. शिट्टी झाली तसे ते सगळे एकदम खाली बसले, टाचा रोवल्या आणि नुसते मागे कलले. आम्ही दंडाने ओढत होतो. मी सगळ्यात पुढे, टी-शर्टच्या बाह्या दुमडून. घसरत घसरत रेषेच्या पलीकडे गेलो, शेवटी तोंडावर. माती दातात.

घु.सा. म्हणाले, "बॉडी बघा अन् घसरगुंडी बघा." सगळे हसले. हसू दे. मला एकच वाटलं, ह्या दोरीसाठी दत्ताने कंबर घालवली. पाच-दहा श्वासांत संपलं सगळं.

त्याला फोटो पाठवला माझा, मातीतला. त्याने हसण्याच्या खुणा पाठवल्या. मग लिहिलं, "पेटी कुलपात हाय ना."

२ फेब्रुवारी

लाइनवर बदल. दत्ताच्या प्रकरणानंतर सेफ्टीवाले येऊन बघून गेले होते. आता पेट्या जमिनीवर नाहीत, स्टँडवर, कंबरेच्या उंचीला. शिवाय मधल्या सुट्टीनंतर बाजू बदलायची, डावीकडचा उजवीकडे. पोरं खुश. सोनवणे म्हणाला, "दत्त्याची कंबर गेली, आपली वाचली." माझ्या पाठीवर थाप मारली, मी साक्ष दिली म्हणून.

मी खोटं बोललो त्यातून हे चांगलं झालं. मग ते वाईट की चांगलं, मला हे कळत नाही. पण पेटी खालीच असायची हे तर खोटं नव्हतं. निम्मं त्या पेटीने केलं. निम्मं मी. फक्त पेटीला स्टँड मिळालं.

सकाळचा व्यायाम पण वाढवलाय. आणि शिकवणार कोण, तर मीच. घु.सा. म्हणाले, "आता गाळायचं न्हाई. मला सगळं ठावं हाय, तू काय काय गाळलं ते." म्हणजे माहीत होतं. कधी बोलले नाहीत.

सफाईच्या मावशींकडून मॉपचा दांडा मागून घेतला. "पुसून परत दे," म्हणाल्या. सगळ्यांसमोर पाठीला लावून वाकून दाखवलं. मागून कुणीतरी, "निल्या, तेवढी फरशी पण पुसून घे." घु.सा.नी पण करून बघितलं, दांडा डोक्यापासून सुटला. म्हणाले, "डोकं आधीपासनंच वाकडं हाय माझं, सोड."

माझा आता सुटत नाही. रोज खोलीवर करतो. उकिडवं पण जमायला लागलंय, पलंगाला धरून. दंड जरा उतरलेत. सोनवणे म्हणाला, आजारी होतास का.

६ फेब्रुवारी

मोबाइलचं कव्हर आणायला भोसरीत गेलो. तिथे एक जण भेटला, पिंपळे गुरवला टेनिस बॉलची मॅच आहे म्हणाला, तसाच त्याच्या गाडीवर बसून गेलो. कव्हर राहिलं. मॅच चालू असताना कविता वहिनींचा फोन. वाजू दिला. परत आला. परत वाजू दिला. मग लाज वाटली, बाजूला येऊन लावला.

"भाऊजी, यांना बरं हाय आता. चालतेत, वाकतेत. पण आबा नको म्हणलालेत."

आबा म्हणजे दत्ताचे वडील. म्हणतात, दोन वर्षांत कंपनीने कंबर मोडली, पुढं काय ठेवतील. परत पाठवायचं नाही. मामाच्या दुकानावर बसायचं. दत्ताला यायचंय पण आबांपुढे बोलत नाही. जूनमध्ये वहिनी आणि चिमी इथे दिघीला राहायला येणार होत्या, चिमीला इथल्या शाळेत घालायचं ठरलेलं. मी आणि दत्ता शाळा बघून पण आलो होतो, भिंतीवर हत्ती काढलेली.

"तुम्ही तेच काम करता," वहिनी म्हणाल्या. "एकच विचारते. परत गेले तर परत होईल का? तुम्ही हो म्हणलात तर मी इथं तोंड उघडणार नाही. नाही म्हणलात तर आबांशी भांडेन."

मागे मॅचमध्ये कुणीतरी आउट झालं, गलका.

मी म्हणालो, "विचारून सांगतो वहिनी."

कुणाला विचारून?

९ फेब्रुवारी

दत्ताला फोन लावला. सरळ म्हणालो, "मी वहिनींना गच्चीचं सांगतो. म्हणजे आबांना कळेल लाइनने सगळं नाही केलं."

"नको."

"अरे, मग तू येणार कसा?"

"आबा म्हणतील, लेकरू-बायको सोडून तिकडं लोखंड उचलायला गेलतास का. ठेकेदाराला कळलं तर माझं नाव कापंल. तुझं बी. तू साक्ष दिलीस ना. कशाला सांगलालास मग."

खरंय त्याचं. म्हणजे सगळं खरंय आणि त्यात तो तिकडेच राहतोय.

मग त्यानेच विषय बदलला. "आता वाकता येतंय बग मला. चिमी मागं काठी धरून उभी राहती. सुटली की वरडती, आजी येती पळत." हसला. मग म्हणाला, "बार ठेवलास ना?"

"ठेवलाय."

"आलो की परत शिकव. ह्या टायमाला सुरुवातीपासनं."

मी हो म्हणालो. त्याच्या आवाजात राग शोधत होतो. नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी पण दोन शब्द बोललो असतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बार चाचांना परत द्यायचा ठरवलं. ड्रमचा नट गंजलाय, निघेना. तेल ओतलं, पाना लावला, माझाच हात सोलला. शेवटी चाचांना वर बोलावलं. त्यांनी एकदा बघितलं आणि कठड्याला टेकून बसले.

"रहने दे. नीचे जगह नहीं है."

मग म्हणाले, "तुम लोग रोज पटकते थे. मेरे छत का चुना गिरता था, चाय में. उस गुरुवार को आवाज नहीं आया. हल्के से रखा. मैं तभी बोला, कुछ हुआ."

मी पाना खाली ठेवला. "चाचा, तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"मेरे को किसी ने पूछा क्या?" उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठले. जिन्यातून परत आवाज, "उसकी बीवी का फोन आता है ना तेरे को?"

एवढंच म्हणाले.

उद्या फोन करतो. दत्ता नको म्हणाला तरी. कंपनीत कळलं तर कळलं. मी नवीन काहीतरी बघेन, मला कुठे एका जागी बसायची सवय आहे. दत्ताला आहे. तो एका जागचा माणूस.

१३ फेब्रुवारी

फोन नाही केला. रेंज नव्हती.

(होती.)

१६ फेब्रुवारी

सकाळी व्यायामाला सोनवणेने वाकताना डोळे मिटले. म्हणाला असं केलं की कळतं कुठे सुटतंय. मला सुचलं नव्हतं. मी पण मिटून बघितले, खरंच कळतं.

दुपारी घु.सा. विचारत होते, "दत्ता यायचाय का न्हाई? ठेकेदार दुसरा पोरगा बघतोय. महिनाअखेरपर्यंत मी थांबवतो, फुडं माझ्या हातात न्हाई." मी तोंड उघडलं. म्हणालो, "विचारतो साहेब."

परत तेच. विचारतो.

संध्याकाळी वहिनींचा नंबर काढला, बघत बसलो, मग त्यांच्या फोटोतल्या चिमीच्या फ्रॉकवर कसलं चित्र आहे ते मोठं करून बघत बसलो. अननस आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंती. सकाळपासून खाली ढोल, भगवे झेंडे, गाड्यांच्या रांगा. चाचांचे रोजे सुरू झालेत, गॅरेज अर्धं उघडं, आत खुर्चीत बसून मिरवणूक बघतायत. मी गच्चीवर. आज करायचाच म्हणून वहिनींना काय बोलायचं ते आधी इथे लिहून काढतोय, म्हणजे फोनवर दुसरीकडे जाणार नाही.

वहिनी, गुरुवारी सुट्टी होती. लाइनवर नाही, आधी गच्चीवर झालं. मी त्याला उचलायला लावलं, वाकायला न शिकवता. जड बाजू उजवीकडे ठेव असं मी म्हणालो. त्याने चमक भरली म्हटल्यावर मी

इथे थांबलो, कारण त्यानंतर मी पाणी प्यालो आणि ते सांगायचं की नाही कळेना. सांगायला पाहिजे. बाकी सगळं चुकून झालं म्हणता येईल, त्याचं पाणी मी चुकून प्यालो नाही.

लाइन आता बदललीय वहिनी, पेट्या वर आहेत, त्याला परत होणार नाही, नीट वाकला तर होणार नाही, आणि त्याला नीट वाकता येतं, माझ्याआधी आलं. हे पण सांगायचं. आबांना

चाचांनी खालून हाक मारली. ढोलात नीट ऐकू आलं नाही. परत मारली. "निलेश, मेहमान."

कठड्यावरून बघितलं. झेंड्यांच्या गर्दीतून बाजूला निघून गॅरेजसमोर एक बाई उभी आहे. खांद्याला पिशवी, कडेवर पोरगी. फ्रॉकवर अननस.

बरोबर कुणी नाही. फोन नाही, निरोप नाही. वर बघून त्यांनी हात केला, ओळखलं मला, मी पण दत्ताच्या मोबाइलवर असेनच. ओरडून म्हणाल्या, "भाऊजी, पेटी न्यायला आलेय यांची. वर येऊ का?"

मी काय खुणावलं मला माहीत नाही. मान हलली असेल.

आता खाली नळावर चिमीचे पाय धुतायत. उकिडव्या बसल्यात, टाचा टेकवून, पाठ सरळ. चाचा दुसरीकडे बघतायत.

बार माझ्या पायाशी आहे, ड्रम लावलेलाच, जड बाजू होती तशीच. शेजारी गोणपाट पडलंय, टाकलं तर झाकला जाईल.

नळ बंद झाला. जिन्यात चिमीचा आवाज, एकेक पायरी मोजतेय.